कौलनामा म्हणा, जाहीरनामा नको

२०१३ च्या डिसेंबरात सायरस सिलिंडर मुंबईत आले. ब्रिटिश म्युझियमची ही वस्तू, म्हणजे पर्शियाचा राजा सायरस याचा सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा मातीवरचा लेख, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दोन महिने होती. मी सुट्टीच्या दिवशी गेलो, त्यामुळे रांगेत उभे राहावे लागले. रांगेत पारशी कुटुंबे बरीच होती, आणि त्यात नवल नाही. ज्या शहरात सायरस नावाचे डेंटिस्ट, वकील आणि क्रिकेटवेडे पिढ्यान्‌पिढ्या होत आले, तिथे मूळ सायरस येणार म्हटल्यावर माणसे नटूनथटून येणारच. काचेच्या पेटीतली ती वस्तू पाहून मला मात्र आधी आजीचा वरवंटा आठवला. लांबी वीतभर, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, रंग भाजलेल्या मातीचा. एका बाजूचा मोठा टवका उडालेला. अंगभर कीलाक्षरे, चिखलातून पाखरे चालून गेल्यासारखी.

माझ्या पुढे एक आजोबा नातीला सांगत होते, "हे बघ, जगातला पहिला मानवी हक्कांचा जाहीरनामा." नात मान डोलावत होती. मीही तेव्हा मनातल्या मनात मान डोलावली, कारण मीही तेच वाचून गेलो होतो. घरी आल्यावर मजकुराचे विश्वासार्ह भाषांतर शोधून काढले आणि पंचेचाळीस ओळी नीट वाचल्या. त्यात हक्क हा शब्द सापडला नाही. बदके सापडली. देवाला रोज चढवल्या जाणाऱ्या पक्ष्यांत आपण वाढ केली, दोन बदके आणि दहा कबुतरे जास्तीची, हंस वेगळे, असे राजा सांगतो. हंसांचा आकडा त्या उडालेल्या टवक्याबरोबर गेला.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की या वस्तूला 'मानवी हक्कांचा जाहीरनामा' म्हणणे थांबवावे. पाठ्यपुस्तकांनी, संग्रहालयांनी आणि संयुक्त राष्ट्रांनीही. सायरस वाईट होता म्हणून नव्हे. त्या काळच्या मापाने तो बराच बरा राजा होता. पण त्याने जे केले त्याला आपल्या मराठीत एक नेमका, जुना, वापरून गुळगुळीत झालेला शब्द आहे, आणि तो वापरला की सगळा प्रकार लख्ख दिसतो. त्या शब्दाकडे येतोच. आधी झाले काय ते पाहू.

इ.स.पू. ५३९ च्या शरदात पर्शियाच्या सायरसचे सैन्य बॅबिलोनियात उतरले. तोपर्यंत त्याने मीड लोकांचा राजा अस्त्यागेस याला हरवले होते, लिडियाचा धनाढ्य क्रीसस त्याच्या हाती आला होता. उरले होते ते नेबुकद्नेझरने मोठे केलेले बॅबिलोनचे साम्राज्य. त्या वर्षीच्या घटनांची एक कोरडी नोंद बॅबिलोनी लेखनिकांनी ठेवली आहे. ती आज, तेव्हाच्या बॅबिलोनच्या राजाच्या नावावरून, नबोनिडसची बखर म्हणून ओळखली जाते, पण आपल्या बखरींशी तिचे काही नाते नाही. विशेषणे नाहीत, संवाद नाहीत, तारीख आणि घटना एवढेच. ती सांगते: तशरितू महिन्यात टायग्रिसच्या काठी ओपिस इथे लढाई झाली. लूट झाली. कत्तल झाली. कत्तल सैनिकांची की गावकऱ्यांची, यावर भाषांतरकार अजून भांडतात, पण शब्द कत्तलीचाच आहे. मग १४ तारखेला सिप्पार न लढता पडले आणि राजा नबोनिडस पळाला. १६ तारखेला गुतियमचा सुभेदार उग्बारू सायरसचे सैन्य घेऊन बॅबिलोनमध्ये शिरला, लढाईशिवाय. नंतर नबोनिडस पकडला गेला. सायरस स्वतः आला तो सतरा दिवसांनी, पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला. त्याच्या वाटेवर हिरव्या डहाळ्या अंथरल्या होत्या.

आता सिलिंडर काढा. त्यात 'लढाईशिवाय' आहे, जयघोष आहे, पाय चुंबणारी उजळलेल्या चेहऱ्यांची प्रजा आहे. ओपिस नाही. ओपिसचा उच्चारही नाही. राजधानीचे दरवाजे न लढता का उघडले याचे उत्तर दोन-तीन दिवसांच्या वाटेवर पडलेल्या प्रेतांत असू शकते, हे त्या वरवंट्यावरून कुणालाही कळणार नाही. हेरोडोटसने तर याहून सुरस गोष्ट सांगितली: पर्शियनांनी युफ्रेटिसचे पाणी वळवले, नदी मांडीइतकी उतरली आणि सैनिक पात्रातून शहरात घुसले, तर लोक सणात नाचत होते. गोष्ट छान आहे. बखरीला तिची काही खबर नाही.

ज्याचे राज्य गेले त्या नबोनिडसबद्दल सिलिंडर फार कडवटपणे बोलते. अयोग्य माणूस, देवांचे विधी बिघडवणारा, प्रजेला जूखाली चिरडणारा. बॅबिलोनचा मुख्य देव मार्दुक रागावला, मग त्याने सगळे देश धुंडाळले, एक न्यायी राजा शोधला, अन्शानच्या, म्हणजे पर्शियातल्या, सायरसचा हात धरला आणि त्याला नाव घेऊन हाक मारली. याच सुमारास मार्दुकच्या गोटातून नबोनिडसची टिंगल करणारे एक पद्यही आले. त्यात हा राजा स्वतःला फार शहाणा समजतो म्हणून त्याची रेवडी उडवली आहे. पुढच्या अडीच हजार वर्षांत नबोनिडस वेडा म्हणून ओळखला गेला तो या दोन कागदांच्या, म्हणजे विटांच्या, जिवावर.

खरा नबोनिडस विचित्र होता, यात वाद नाही. चंद्रदेव सीन याचा तो निस्सीम भक्त. हर्रानचे सीनचे देऊळ त्याने बांधून काढले, मुलीला उर इथल्या चंद्रदेवाची मुख्य पुजारीण केले. जुन्या देवळांचे पाये खणून आधीच्या राजांचे लेख शोधायचा त्याला नाद होता. त्या अर्थाने तो आपल्या पुरातत्त्व खात्याचा पूर्वज. आणि तो दहा वर्षे राजधानी सोडून अरबस्तानातल्या तैमा या मरूद्यानात जाऊन राहिला. मुलगा बेलशझर इकडचे पाहत होता. त्या वर्षांची नोंद बखरीत पुन्हा पुन्हा त्याच शब्दांत येते: राजा तैमाला होता, नबू बॅबिलोनला आला नाही, बेल बाहेर निघाला नाही, अकीतू झाला नाही. नबू हा मार्दुकचा मुलगा, बेल म्हणजे मार्दुकच, आणि अकीतू म्हणजे नववर्षाचा उत्सव. त्यात राजाने मार्दुकच्या मूर्तीचा हात धरायचा. राजाच नाही, तर हात कोण धरणार? पंढरपूरची आषाढी सलग दहा वर्षे झाली नाही, असे कल्पून पाहा. बडव्यांपासून फुलवाल्यांपर्यंत कुणाकुणाच्या पोटावर पाय आला असता! मार्दुकच्या देवळाचा, एसागिलचा, राग समजण्यासारखा आहे. पण रागावलेल्या देवस्थानाने लिहून दिलेले पात्रतेचे प्रमाणपत्र आणि प्रजेचे मत या दोन गोष्टी एक नव्हेत.

एक गंमत तर फारशी सांगितलीच जात नाही. सिप्पार इथे सापडलेल्या नबोनिडसच्या स्वतःच्या लेखात सायरस आहे. हर्रानला मीड लोकांनी वेढले आहे, मग देऊळ कसे बांधू, असे राजा विचारतो, तेव्हा मार्दुक त्याला सांगतो की मीडांची काळजी करू नकोस, अन्शानचा राजा सायरस त्यांचा निकाल लावेल. म्हणजे सायरस हा देवाचा हस्तक आहे, हे आधी नबोनिडसनेच मातीवर लिहून ठेवले होते. पुढे त्याच देवाने त्याच हस्तकाला त्याच्या अंगावर घातले. देवाला कौल लावणाऱ्याने कळ्या कुठल्या बाजूला चिकटवल्या, ते पाहावे लागते.

सिलिंडरवरच्या ज्या ओळींवर हक्कांचा सगळा डोलारा उभा आहे त्या मूर्ती परत पाठवण्याच्या आहेत. सायरस म्हणतो, अश्शूर, सुसा, अक्कद, एश्नुन्ना, झम्बान, मेतुर्नू, देर आणि गुतियमच्या सीमेपर्यंतची टायग्रिसपलीकडची जी पवित्र ठाणी मोडकळीला आली होती तिथले देव मी परत नेऊन बसवले, त्यांची माणसे गोळा करून वसतीला पाठवली. शिवाय नबोनिडसने बॅबिलोनला आणलेले सुमेर आणि अक्कदचे देव आपापल्या गावी पाठवले. नबोनिडसने ते का आणले होते? युद्ध तोंडावर आले होते; मूर्ती शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्या राजधानीत हलवणे ही तिथली जुनी रीत होती. आपल्याकडेही स्वारीची चाहूल लागली की देव हलवायचे. ती दक्षता सिलिंडरमध्ये पापाच्या खात्यात पडली आणि ते देव परत पाठवणे पुण्याच्या.

यहुद्यांचा उल्लेख नाही. गुलामांच्या मुक्तीचा नाही. कोणीही कोणताही धर्म पाळावा, असे वाक्य नाही. पारशी धर्माचा देव अहुरमझ्द याचे नावही नाही. ते पुढचा पर्शियन सम्राट दारियस याच्या लेखांत येते. या मजकुरात सायरस मार्दुकचा भक्त आहे, तो बॅबिलोनला बॅबिलोनच्या भाषेत, बॅबिलोनच्या लेखनिकांकडून, बॅबिलोनच्या जुन्या राजांच्या थाटात बोलतो आहे. तटाची डागडुजी करताना आत अश्शूरबनिपालचे नाव कोरलेला लेख दिसला, असे तो शेवटाकडे अभिमानाने सांगतो. म्हणजे तो स्वतःला ज्या मालिकेत बसवतो ती मालिका असीरियन सम्राटांची आहे. असे लेख लिहून भिंतीच्या पायात ठेवायचे, देवांनी आणि पुढच्या राजांनी वाचावेत म्हणून. हेही तसेच ठेवलेले होते. १८७९ मध्ये मोसुलचा होर्मुझ्द रस्साम ब्रिटिश म्युझियमसाठी खोदत असताना ते हाती लागले.

इथे विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मान्य केला पाहिजे, तो लपवला तर मीही सिलिंडरसारखेच वागलो असे होईल. २००९-१० च्या हिवाळ्यात ब्रिटिश म्युझियमच्याच साठ्यात दोन छोटे तुकडे ओळखले गेले, विल्फ्रेड लॅम्बर्ट आणि अर्व्हिंग फिंकेल यांच्या नजरेतून. ते सिलिंडरचे नव्हते, सपाट पाटीचे होते, पण मजकूर हाच. म्हणजे हा मजकूर फक्त भिंतीत पुरण्यापुरता नव्हता. त्याच्या नकला फिरल्या होत्या, कदाचित वाचूनही दाखवल्या गेल्या असतील. मला विचाराल तर या शोधाने माझे म्हणणे पक्के झाले. भिंतीतला लेख देवासाठी असतो, तर नकला गावोगाव फिरवायच्या कागदाच्या काढतात. आणि जिंकलेल्या मुलखात नवा धनी गावोगाव जो कागद फिरवतो त्याला आपण कौल म्हणतो. कौलनामा. अभयपत्र.

हा तो शब्द. फौज येऊन गेली की गावे ओस पडत, रयत रानात नाहीतर शेजारच्या मुलखात परागंदा होई. मग नवा अंमलदार कौल देई: या, वस्ती करा, पेरा, तुम्हांस कोणेविशी उपसर्ग लागणार नाही. देवस्थानाची दिवाबत्ती चालत आली तशी चालवू. इनामे, वतने, वर्षासने पुढे चालू. हा कागद खोटा नसे. रयतेला त्याने खरोखर दिलासा मिळे, आणि देणाऱ्याला सारा. पण कौल देणारा देतो म्हणून असतो. त्याच्या मर्जीइतकेच त्याचे आयुष्य. तो हक्क नव्हे, हे घेणाऱ्या पाटलाला पक्के ठाऊक असायचे.

आपल्या इतिहासात असा एक कौलनामा इतका ठळक आहे की सिलिंडर वाचताना तो आठवला नाही तरच नवल. ११ फेब्रुवारी १८१८ ला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने साताऱ्याहून काढलेला जाहीरनामा. आधीच्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली होती आणि पुणे इंग्रजांच्या हाती गेले होते. एल्फिन्स्टन सुरुवात कुठून करतो? बाजीरावापासून. तो कसा कृतघ्न, त्याने कसा विश्वासघात केला, गंगाधरशास्त्र्यांचा खून, त्रिंबकजीला पाठीशी घालणे, सगळे साग्रसंगीत. मग वचने: वतने, इनामे, वर्षासने, देवस्थाने आणि धर्मादाय चालू राहतील, कोणाच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही, रूढी सांभाळल्या जातील. आणि छत्रपतींना साताऱ्यात राज्य. वाईट राजा, रागावलेले देव, नवा न्यायी धनी, देवळांना अभय, जुन्या गादीला मान. मार्दुकच्या जागी शाहू घराण्याची गादी ठेवा, साचा तोच. फरक इतकाच की एल्फिन्स्टनच्या मजकुरात बदके नाहीत, पण पेशव्यांच्या श्रावणमासातल्या दक्षिणेचे पैसे त्याने पुढे चालू ठेवले. त्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबागेत संस्कृत पाठशाळा निघाली.

या जाहीरनाम्याला मानवी हक्कांची सनद म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. का म्हणत नाही आपण? कारण पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. तीस वर्षांत, १८४८ मध्ये, डलहौसीने सातारा खालसा केले. मग इनाम कमिशन आले आणि घराघरांतल्या सनदा तपासून जमिनी सरकारजमा करू लागले. कौल दिला होता, कौल मागे घेतला. एल्फिन्स्टन माणूस म्हणून सभ्य होता, त्याने दिलेला शब्द त्याच्यापुरता मनापासून होता, हे मानूनही आपण त्या कागदाला कौलनामाच म्हणतो. सायरसला वेगळी फूटपट्टी लावायची ती का? तो दूरचा आहे आणि हरलेल्यांची बाजू सांगणारे त्या घरात आता कोणी उरलेले नाही, याखेरीज मला कारण दिसत नाही.

सायरसची खरी थोरवी कशात, असे कोणी विचारले तर मी सिलिंडर बाजूला ठेवून बखरीतल्या एका ओळीकडे बोट दाखवीन. शहर पडल्यावर महिनाअखेरपर्यंत गुतियमच्या ढालाईत शिपायांनी एसागिलच्या दरवाजांना वेढा दिला होता, पण देवळातला एकही विधी चुकला नाही, कोणतीही ठरलेली वेळ टळली नाही, असे ती सांगते. दारात परक्या शिपायांच्या ढाली आणि आत रोजची पूजा वेळेवर, हे दृश्य मला पाय चुंबणाऱ्या प्रजेपेक्षा पुष्कळ खरे वाटते. आणि त्याची किंमत कळायची असेल तर दीडशे वर्षे मागे जावे. इ.स.पू. ६८९ मध्ये असीरियाच्या सेनाखेरिबने हेच शहर घेतले तेव्हा देवळे पाडली, मूर्ती फोडल्या आणि शहरावर पाणी सोडल्याची बढाई स्वतःच मारली. त्या आठवणीवर वाढलेल्या शहराला बिनचूक झालेली एक पूजा हा केवढा दिलासा असेल! शिस्तीत ठेवलेले सैन्य ही लहान गोष्ट नाही. मात्र तिला हक्क म्हणायची गरज नाही.

यहुद्यांची कृतज्ञताही खरी आहे. नेबुकद्नेझरने जेरुसलेम उद्ध्वस्त करून ज्यांना बॅबिलोनला आणले त्यांच्या नातवंडांना परतीची वाट खुली झाली. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात सायरसला अभिषिक्त, म्हणजे मशीहा, म्हटले आहे. परक्या राजाला असा मान तिथे दुसऱ्या कुणालाही नाही. पण हाही प्रकार तोच, मार्दुकच्या पुजाऱ्यांचा: देवाने आमच्यासाठी हा राजा निवडला. एकाच माणसाला दोन देवांनी हात धरून आणले, आणि दोन्ही देवस्थानांना इमारतीचे काम मिळाले. शिवाय सगळे परतले नाहीत. बॅबिलोनियात अल-याहुदू, म्हणजे यहूदाचे गाव, नावाची वस्ती होती. तिथल्या मातीच्या पाट्यांवर यहुदी नावांची माणसे सायरसनंतरही जव आणि खजुराचा वाटा भरताना दिसतात. कालव्याकाठी जमीन, डोक्यावर सारा, घरात तिसरी पिढी. कौल मिळाला म्हणून कोण उठून निघतो?

पाट्यांवरून आठवले. राज्य बदलले तेव्हा सामान्य माणसाचे काय बदलले हे पाहायचे तर बॅबिलोनसारखी दुसरी जागा नाही, कारण तिथे लोक सगळे लिहून ठेवत, आणि माती जळत नाही की कसर लागत नाही. एगिबी नावाचे सावकार-व्यापारी घराणे होते. त्यांच्या पाट्यांवर नबोनिडसचे सतरावे वर्ष संपते, सायरसचे सुरू होते, आणि व्याज, भाडे, भागीदारी तशीच पुढे चालते. फक्त वरची तारीख बदलते. या घराण्याचा इत्ती-मार्दुक-बलातू पुढे धंद्यासाठी इराणपर्यंत जाऊन आला. त्याचा सासरा इद्दिन-मार्दुक कांद्याचा मोठा व्यापारी. त्याच्याकडे मदानू-बेल-उसूर नावाचा एक हुशार गुलाम होता जो मालकाच्या वतीने खेड्यापाड्यांतून कांदे आणि धान्याचे व्यवहार बघायचा. सासऱ्याकडून तो जावयाच्या घराण्यात गेला. नबोनिडस गेला, सायरस गेला, त्याचा मुलगा कंबायसिस गेला, दारियस आला, आणि मदानू-बेल-उसूर पाट्यांवर गुलामच आहे. इ.स.पू. ५०८ मध्ये एगिबी भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा सोळा घरे आणि शंभरांवर गुलाम वाटले गेले. गुलामगिरी बंद केल्याचे श्रेय ज्या राजाला समाजमाध्यमांवर रोज दिले जाते, त्याच्या नातवाच्या वयाच्या माणसांची ही वाटणीपत्रे आहेत.

आणि उरुकच्या एआन्ना देवळातला गिमिल्लू! मला हा माणूस फार आवडतो, म्हणजे वाचायला. देवळाच्या जनावरांचा हिशेब याच्याकडे. सायरसच्या राज्याच्या पहिल्याच वर्षी, ५३८ मध्ये, याच्यावर देवळाची गुरे-मेंढ्या लाटल्याचा खटला चालला. साक्षीदारांची रांग लागली. देवाच्या मालाला तीस पट भरपाई, अशी तिथली रीत. त्याप्रमाणे दंड झाला. आणि नंतर? गिमिल्लू पुढची कित्येक वर्षे त्याच देवळाच्या कामावर, त्याच धंद्यात दिसतो. राजवंश पडला, गिमिल्लू पडला नाही. ज्यांनी कुठल्याही संस्थानात, संस्थेत किंवा सोसायटीत नोकरी केली आहे त्यांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको.

सायरस इतका लाडका असता तर पुढची गोष्ट घडायला नको होती. इ.स.पू. ५२२ मध्ये पर्शियात गादीचा घोळ झाला आणि बॅबिलोन उठले. बंडाचा पुढारी निदिंतू-बेल. त्याने स्वतःला काय म्हणवले? 'मी नेबुकद्नेझर, नबोनिडसचा मुलगा.' दारियसने त्याला मारले. वर्ष सरले नाही तोच दुसरा उठला, अराखा. तो तर आर्मेनियाकडचा. त्यानेही तेच म्हटले: मी नबोनिडसचा मुलगा. ही कथा दारियसने बेहिस्तूनच्या कड्यावर स्वतःच कोरली आहे. अराखाला आणि त्याच्या साथीदारांना बॅबिलोनमध्ये सुळावर चढवले, हेही. मार्दुकला नकोसा झालेला, प्रजेला चिरडणारा, वेडा म्हणून हिणवलेला तो राजा; आणि त्याचे राज्य जाऊन सतरा वर्षे होतात तोच लोकांना जमवायला त्याच्याच मुलाचे सोंग घ्यावे लागते, एकदा नव्हे दोनदा. सदाशिवरावभाऊंचा तोतया आपल्याला माहीत आहे. तोतया कुणाचा उभा राहतो? ज्याची वाट लोक बघत असतात त्याचा. पुढे ४८४ मध्ये दारियसचा मुलगा झर्क्सिस याच्याविरुद्ध आणखी बंडे झाली, आणि त्या वर्षी शहरातल्या कित्येक जुन्या घराण्यांची दप्तरे अचानक थांबतात.

मग 'मानवी हक्क' आले कुठून? १९७१ मधून. इराणच्या शहा मोहम्मद रझा पहलवीने राजेशाहीची अडीच हजार वर्षे साजरी केली, सिलिंडर त्या सोहळ्याचे बोधचिन्ह झाले, ब्रिटिश म्युझियमने ते काही दिवस तेहरानला धाडले, आणि शहाच्या बहिणीने, राजकन्या अश्रफने, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांना त्याची प्रतिकृती भेट दिली. ती न्यू यॉर्कला अजून आहे. पासारगाडला सायरसच्या कबरीपुढे शहा म्हणाला, तू निवांत झोप, आम्ही जागे आहोत. जागी होती ती सावाक, त्याची गुप्त पोलीस, आणि तिच्या कोठड्यांत काय चालत होते हे तेव्हाही जगाला ठाऊक होते. पुढे एक बनावट भाषांतर फिरू लागले, ज्यात सायरस अहुरमझ्दची शपथ घेऊन लोकांची इच्छा नसेल तर राज्य करणार नाही म्हणतो. ते इतके पसरले की २००३ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार घेताना शिरीन इबादींनीही तेच वचन उद्धृत केले. शहाला हटवणाऱ्या राजवटीलाही मोह आवरला नाही. २०१० मध्ये सिलिंडर पुन्हा तेहरानला गेले तेव्हा राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद स्वागताला हजर. ज्या देशाच्या मातीचे ते बनले आहे आणि ज्याच्या मातीत ते सापडले तो इराक या सगळ्यात कुठे दिसत नाही. तिथे १९८० च्या दशकात सद्दाम हुसेन बॅबिलोनच्या भिंती नव्याने बांधून विटांवर स्वतःचे नाव उमटवत होता, नेबुकद्नेझरच्या चालीवर. आणि २००३ नंतर त्याच अवशेषांवर अमेरिकी सैन्याचा तळ पडला. तेही मुक्त करायलाच आले होते, असे त्यांच्या पत्रकात होते.

माझ्याविरुद्धचा सगळ्यात जड मुद्दा मला एका पारशी स्नेह्याने ऐकवला. तो म्हणाला, "अरे, पण लोकांना त्यातून बळ मिळतं ना? मग तू कशाला मध्ये येतोस?" त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात हजारो इराणी पासारगाडला सायरसच्या कबरीभोवती जमले, घोषणा दिल्या, आणि त्यांतल्या काहींना अटक झाली. ज्यांना भर चौकात सरकारविरुद्ध बोलता येत नाही त्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजाचे नाव घेऊन बोलावे, हे मला कळते. आपणही आजच्या राज्यकर्त्याला बोल लावायचा असला की रामराज्याचे नाव काढतो. त्या तरुणांना 'तुमचे भाषांतर चुकले' असे मुंबईत बसून सांगायची मला हौस नाही.

पण स्नेह्याला मी उलट विचारले, आणि तेच इथे लिहितो. त्या तरुणांना जे हवे आहे ते सायरसने दिले होते म्हणून हवे आहे का? उद्या कुणी सिद्ध केले की सायरसने ओपिसला खरेच गावकरी कापले, तर त्यांची मागणी एवढ्याने कमी होईल का? होऊ नये. आणि होऊ नये असे असेल, तर मागणी राजाच्या नावावर टेकवून ठेवणे धोक्याचे आहे. शहाला सायरस इतका प्यारा होता तो यासाठीच: हक्क हे वरून, सिंहासनावरून, उदार हाताने पडतात, ही कल्पना सिंहासनावर बसलेल्याला नेहमीच सोयीची असते. एल्फिन्स्टनच्या जाहीरनाम्यावर विसंबलेल्या इनामदारांना इनाम कमिशनपुढे सनदा घेऊन उभे राहताना ती कल्पना किती पुरली, हे आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जुन्या घरांना विचारावे. स्नेही यावर काही बोलला नाही. बोलण्यासारखे त्याच्याकडे पुष्कळ असणार, पण चहा आला.

माझी सूचना साधी आहे. सिलिंडर पुन्हा कधी मुंबईला आले, आणि यावे, तर पेटीशेजारच्या पाटीवर एवढेच लिहावे: बॅबिलोन जिंकल्यावर पर्शियाचा राजा सायरस याने तिथल्या देवळाला आणि शहराला दिलेला कौल, इ.स.पू. ५३९ नंतर. मजकूर बॅबिलोनी लेखनिकांचा. माती इराकची. आणि त्याच पेटीत, जागा करून, बखरीतल्या त्या ओळीची एक प्रतिकृती ठेवावी, जिच्यात ओपिसचे नाव आहे. दोन्ही मिळून वरवंट्याएवढीच जागा लागेल.